दुसरे व्हायोलिन आणि आमची 'बहुस्वरता'

मुंबईच्या एका उपनगरी महाविद्यालयात गेल्या पावसाळ्यात मराठी कादंबरीवर दोन दिवसांचे चर्चासत्र झाले. निबंध वाचणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल केलेले बरे. पुढील टीकेतून आम्ही स्वतःला वगळले, असा आरोप व्हायला नको. पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात जेवणाची सुस्ती घालविण्यासाठी आम्ही वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढू लागलो. कुणी 'पॉलिफोनी', 'बहुस्वरता', 'अनेकध्वनित्व' ह्यांपैकी एखादा शब्द उच्चारला की एक रेघ. चहाच्या सुटीपर्यंत सव्वीस रेघा झाल्या. ग्रामीण कादंबरी बहुस्वर होती, महानगरी कादंबरी बहुस्वर होती, आत्मकथनेही बहुस्वर होती. एका वक्त्याने तर एका कवितासंग्रहाची मुखपृष्ठासह बहुस्वरता सिद्ध केली. आमचा निबंध दुसऱ्या दिवशी होता, दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या मराठी कादंबरीवर. त्यात हा शब्द चार वेळा आला होता, हे आम्ही रात्री घरी जाऊन मोजले.

परंतु घरी जाण्याआधी एक गोष्ट घडली, आणि हा लेख खरे तर तिच्यामुळे लिहिला जात आहे. सत्र संपल्यावर अंधेरीकडची बस पकडण्यासाठी आम्ही मरोळच्या एका गल्लीतून चाललो होतो. पाऊस वाढला म्हणून एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली थांबलो. तळमजल्यावरच्या खोलीतून दोन व्हायोलिनांचा आवाज येत होता. दोन्ही एकाच वेळी वाजत होती, पण एकच गोष्ट वाजवीत नव्हती. कुणाच्या मागे कोण आहे हे कळेना. एक सुरावट वर जात असताना दुसरी तिच्याखालून निघून पुढे जाई, आणि आपण तिच्या मागे जावे तो पहिली तिसऱ्याच ठिकाणाहून बोलू लागे. मधूनच दोन्ही थांबत, एक वयस्क आवाज काही सांगे, आणि तीच चार मात्रांची जागा पुन्हा सुरू होई. पाऊस थांबण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा आम्ही दारावर टकटक केले.

आत एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता आणि त्याचे सत्तरी ओलांडलेले शिक्षक. तरुणपणी गोव्याहून मुंबईला आलेले, पंचवीसेक वर्षे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन वाजविलेले आणि ते काम आटल्यापासून शिकवण्या करणारे. त्यांनी आम्हाला खुर्ची दिली. ''बसा प्रोफेसर, आमचा काही खाजगी मामला नाही,'' असे म्हणून ते पुन्हा वाजवू लागले. स्टँडवर जे पुस्तक होते त्यावर नाव होते मझास, आणि खाली ओपस ३८, दोन व्हायोलिनांसाठी बारा लहान द्वंद्वे.

झाक फेरेओल मझास (१७८२–१८४९) हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याने ऐकले नसेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. युरोपीय संगीताच्या रसिकांपैकीही थोड्यांनाच ते ठाऊक असते. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९५ साली, पॅरिसमध्ये जे संगीत-विद्यालय स्थापन झाले, त्या कॉन्झर्व्हातोआरमध्ये तो प्येर बायोचा शिष्य होता. १८०५ साली त्याला तिथले पहिले पारितोषिक मिळाले. पुढे काँब्रे येथील संगीतशाळेचा तो काही वर्षे प्रमुख होता. त्या काळचे पॅरिस ऑपेरावर जीव टाकणारे. पैसा, कीर्ती, वृत्तपत्रांतील वाद, सारे ऑपेराच्या दारी. आपल्याकडे एके काळी संगीत नाटकाच्या तंबूबाहेरचे गाणे दुय्यम मानले जाई, तशातलाच प्रकार. मझासनेही ऑपेरा लिहून पाहिला. १८४२ साली 'ल किऑस्क' नावाचा त्याचा ऑपेरा पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकमध्ये झालाही. आज तो कुणी करीत नाही. जे टिकले ते त्याचे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले अभ्यास आणि ही लहान लहान द्वंद्वे.

अशा संगीताला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने आपण 'चेंबर म्युझिक' म्हणतो. खोलीत मावेल इतक्याच वाद्यांचे, प्रत्येक भागाला एकच वादक असलेले संगीत. ह्या व्याख्येत एक गोष्ट राहून जाते. हे संगीत मुळात ऐकण्यासाठी नसून वाजविण्यासाठी आहे. श्रोता असला तर तो पाहुणा. मझासचे गुरू बायो ह्यांनी १८१४ पासून पॅरिसमध्ये वर्गणीदार श्रोत्यांसाठी क्वार्टेटच्या बैठका सुरू केल्या, तेव्हा ह्या संगीताला सार्वजनिक जागा मिळाली खरी. पण दोन व्हायोलिनांची द्वंद्वे त्यानंतरही खोलीतच राहिली. पहिले व्हायोलिन शिष्याने वाजवावे, दुसरे गुरूने. मग अदलाबदल करावी. म्हणून ही रचना 'अल्पपरिचित' आहे असे म्हणताना आम्ही थोडे अडखळतो. अल्पपरिचित कुणाला? मैफलीला जाणाऱ्याला, तबकड्या जमविणाऱ्याला, संगीतावर लेख लिहिणाऱ्याला. ज्याने चार-पाच वर्षे व्हायोलिनवर बोटे झिजविली आहेत, त्याला मझास शेजाऱ्यासारखा परिचित असतो. जी कृती तिच्या करणाऱ्यांनाच ठाऊक असते, ती आमच्या इतिहासात अज्ञात म्हणून नोंदली जाते. मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला ह्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागणार नाही.

असो. त्या खोलीत आम्ही सुमारे तासभर बसलो. मुलगा एकाच जागी अडत होता, आणि ती जागा काय होती हे सांगितल्यावाचून आमचा मुद्दा पुढे सरकणार नाही. वाचकांनी एवढे तांत्रिक सहन करावे.

व्हायोलिनला पडदे नसतात, हे सर्वांना ठाऊक आहे. बोट कुठे ठेवायचे ते कानाने ठरवायचे. पाश्चात्य पद्धतीत लावलेल्या व्हायोलिनच्या ए तारेवर पहिल्या बोटाने बी हा स्वर घ्यावा आणि तो शेजारच्या मोकळ्या ई तारेबरोबर वाजवून नीट जुळवावा. आता बोट जराही न हलविता तोच बी दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या डी तारेबरोबर वाजवावा. तो बेसूर लागतो, किंचित चढा. बोट केसभर मागे घ्यावे लागते. डीला षड्ज मानले तर आपल्या परिभाषेत हा धैवत आहे, आणि आपल्या श्रुतिचर्चेत जे दोन धैवत सांगितले जातात, त्यांच्यामधले अंतर ते हेच. मुलाने आपल्या बाजूने बरोबर जागी बोट ठेवले होते. पण त्याच क्षणी गुरूंच्या व्हायोलिनवरचा स्वर बदलला होता, त्यामुळे मुलाचा तोच 'बरोबर' स्वर आता चुकीचा झाला होता. ''तुझा सूर ठीक आहे रे,'' शिक्षक म्हणाले, ''पण माझा ऐक ना. माझा बदलला, की तुझा पण बदलतो.''

आम्ही जिन्याखाली उभे असताना जे ऐकले ते हेच होते, फक्त तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. आपल्या संगीतात तंबोरा लागतो, आणि त्यानंतर जे काही गायले जाते त्याची सत्यता त्या एका अचल षड्जाशी ताडून पाहिली जाते. सारंगी किंवा पेटी गायकाच्या मागून येते, तबला काळ सांभाळतो, जुगलबंदीत दोघे आळीपाळीने बोलतात आणि अखेरीस एकत्र समेवर येतात. पण षड्ज एकच असतो आणि तो हलत नाही. जात्यावर दोघी बसतात, एक ओवी सुरू करते, दुसरी ती उचलते. गळे दोन, पण सूर एक. ह्यात उणेपणा काहीच नाही. एकाच सुराच्या आत जी सूक्ष्मता आपल्या गायकांनी शोधली, ती युरोपात कुणाला साधली नाही. सांगायचे इतकेच, की ही व्यवस्था वेगळी आणि त्या खोलीतली व्यवस्था वेगळी. तिथे दोघांनाही अचल असे काही नाही. माझ्या स्वराचे खरेपण तुझ्या स्वरावर अवलंबून आहे, तुझ्याचे माझ्यावर, आणि दोघेही चालत आहोत.

'बहुस्वरता' हा शब्द ह्या अनुभवासाठी आहे. आमचा आक्षेप असा, की गेली दोन-तीन दशके मराठी समीक्षेने तो ह्या अनुभवावाचून वापरला. बाख्तिनने दस्तयेवस्कीवरच्या पुस्तकात (१९२९, आणि सुधारून १९६३) संगीतातली ही संज्ञा घेतली, आणि घेताना बजावलेही, की ही केवळ उपमा आहे, संगीताचे साहित्य आणि कादंबरीचे साहित्य इतके भिन्न आहे की ह्याहून अधिक काही समजू नये. उपमा देणाऱ्याला आणि त्याच्या पहिल्या वाचकांना उपमान ठाऊक होते. रशियन वाचकाने चर्चमधले अनेक आवाजी गायन कानांनी ऐकलेले असे. आपल्याकडे उपमान वगळून उपमा तेवढी आली. समुद्र न पाहिलेल्या माणसाने 'सागरासारखे गंभीर' म्हणावे तसे. मग रिकाम्या जागी काय भरले गेले? आपल्या कानांना जे परिचित होते ते. कुणी जुगलबंदी भरली, कुणी भजनातला कोरस, आणि बहुतेकांनी साधी गर्दी. कादंबरीत पात्रे पुष्कळ, बोली तीन-चार, निवेदनाच्या पद्धती दोन, की ती बहुस्वर झाली. सव्वीस रेघांपैकी किमान वीस रेघा ह्या गर्दीच्या होत्या.

ह्या व्याख्येने काय बिघडले, हे एका उदाहरणाने पाहू. भालचंद्र नेमाडे ह्यांच्या 'हिंदू' (२०१०) ह्या कादंबरीला बहुस्वर म्हणण्याचा प्रघात आहे. तिच्यात बोली आहेत, जाती-जमाती आहेत, शतके आहेत, उत्खननात सापडलेले मुडदेही बोलतात. एवढा मोठा पट मराठीत क्वचितच कुणी उचलला. परंतु हे सारे कोणाच्या कानातून ऐकू येते? खंडेरावाच्या. कादंबरीतला कोणताही आवाज असा उठत नाही की ज्याने खंडेरावाचा स्वर चुकीचा ठरावा आणि त्याला बोट मागे घ्यावे लागावे. त्याची स्मृती हा तंबोरा आहे आणि ती अडगळ, तिच्या सगळ्या समृद्धीसकट, त्या तंबोऱ्याशी जुळवून घेते. 'कोसला'त (१९६३) तर हे उघडच आहे, आणि 'कोसला'चे सामर्थ्य नेमके त्या एकाच स्वराच्या हट्टात आहे. 'हिंदू' ही तंबोऱ्यावरची महाकाय कादंबरी आहे, असे म्हटले असते तर तिचा गौरवच झाला असता. तिची बांधणीही कळली असती. तिला बहुस्वर म्हटल्याने एक परदेशी पदक लावल्याचे समाधान मिळाले, पण कादंबरी होती तिथेच राहिली, आणि शब्दाची धार मात्र गेली.

ही धार जाण्याचे खरे नुकसान पुढेच आहे. जी कादंबरी खरोखर दोन स्वरांची आहे ती ओळखायला आता आमच्यापाशी शब्द उरला नाही.

विश्राम बेडेकर ह्यांची 'रणांगण' १९३९ साली आली. आकाराने लहान. युरोपातून परतणारी बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, आणि प्रेमावरचा विश्वास गमावलेला चक्रधर. कथा तोच सांगतो. जवळजवळ अखेरपर्यंत आपल्याला एकच व्हायोलिन ऐकू येते, कडवट, हुशार, स्वतःवर पहारा ठेवणारे. हॅर्टा त्याच्या निवेदनात आहे, बोलतेही, पण त्याच्या तारेवर. तो मुंबईला उतरतो, ती पुढे जाते, आणि मग तिची पत्रे येतात. पत्रे वाचताना घडते ते विलक्षण आहे : तोवर आपण जे जे त्याच्याकडून ऐकले ते सगळे मागल्या पानांवर जाऊन बेसूर होऊ लागते. तो खोटे बोलला नव्हता. त्याचा स्वर त्याच्या परीने ठीक होता. पण दुसरा स्वर कळल्यावर त्याच स्वराची जागा चुकते. आणि दुरुस्त करायला बोट मागे घ्यावे, तर हॅर्टा आता नाही. ह्या कादंबरीवर मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. तिचा आंतरराष्ट्रीय पट, युद्धाची छाया, चक्रधराचे मन ह्यांवर पानेच्या पाने आहेत. परंतु पात्रे थोडी आणि बोली एकच, म्हणून तिला बहुस्वरतेच्या यादीत जागा नाही. गर्दीचा निकष लावल्यावर दोघांची जागा जाणारच.

येथे आम्हाला ठाऊक असलेली एक गोष्ट जाता जाता नोंदवितो, तिच्यावरून कसलाही सिद्धान्त काढायचा नाही. 'रणांगण'च्या पाचच वर्षे आधी, १९३४ साली, वॉल्टर काउफमन हा ज्यू संगीतकार खरोखरच मुंबईत येऊन उतरला आणि त्याने इथे चेंबर म्युझिकची मंडळी जमविली. व्हायोलिनवर असत मेहली मेहता. काउफमन १९४६ पर्यंत मुंबईत होता. आकाशवाणीची जी सुरावट आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो ती त्याचीच. त्याची स्ट्रिंग क्वार्टेट विस्मरणातून निघून ध्वनिमुद्रित व्हायला २०२० साल उजाडले, आणि तेही कॅनडात.

आता आक्षेप येणार, आणि तो आम्हाला पाठ आहे. हे सगळे परके आहे. नरिमन पॉइंटच्या वातानुकूलित सभागृहातल्या लोकांचा शौक आहे. मराठी कादंबरी कळायला कुणा फ्रेंच मास्तराच्या व्हायोलिनची गरज काय? प्रश्न रास्त आहे, पण तो बाख्तिनला विचारला गेला नाही, फक्त मझासला विचारला जातो, एवढेच आमचे म्हणणे. शिवाय परकेपणाचा हिशेब करायचाच तर पुरा करावा. ज्या पेटीवाचून कीर्तन, नाट्यपद, शाळेची प्रार्थना, काहीच चालत नाही, ती हार्मोनियम १८४०च्या दशकात पॅरिसच्या आलेक्सांद्र देबँ ह्याच्या पेटंटाखाली तयार झाली. मझास त्या वेळी हयात होता. कलकत्त्यात तिला हातभात्याचे रूप मिळाले आणि ती आपली झाली. इतकी आपली, की १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली तेव्हा आपल्याला ती अन्यायाची वाटली. व्हायोलिनही आपण घेतले. मांडी घालून बसलो, त्याचे डोके पायाच्या घोट्याशी टेकविले, तारा षड्ज-पंचमात लावल्या आणि गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, दि. के. दातार असे वादक घडविले. 'गाणारे व्हायोलिन' ही प्रभाकर जोगांना मिळालेली दाद मराठी कानाची सर्वोच्च दाद आहे. वाद्य गळ्यासारखे झाले ही तिची कसोटी. हे सर्व उत्तमच झाले. आपण पॅरिसची पेटी घेतली, व्हायोलिन घेतले. घेतले नाही ते दुसरे व्हायोलिन. ते घ्यायलाच हवे होते असेही नाही. पण जे घेतले नाही त्याचे नाव तरी आपल्या कादंबरीला लावू नये.

आणि 'परके' हा शब्द वापरताना आपण कुठे उभे आहोत हेही पाहावे. ते चर्चासत्र झाले त्या महाविद्यालयापासून चालत पंधरा मिनिटांवर ती खोली आहे. मरोळ, सहार, आंबोली, मालाडचे ऑर्लेम, बोरिवलीची आय. सी. कॉलनी, ह्या वस्त्यांतल्या चर्चांमध्ये दर रविवारी दोन, तीन, चार भागांत गाणारी माणसे आहेत. त्यांत ईस्ट इंडियन आहेत, ज्यांची घरची बोली मराठीचीच एक बोली आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषांत आली, तेव्हा वसईपासून इकडे मराठी शब्दांनाही असे भाग मिळाले. थॉमस स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'वर आपण प्रश्नपत्रिका काढतो, फादर दिब्रिटोंना २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष करतो, आणि मराठीत बहुस्वरता कशी असते हे शोधायला रशियन पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर उघडतो.

गोव्यातल्या चर्चांशी जोडलेल्या शाळांत पोर्तुगीज अमदानीत मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शिदोरीवर जी माणसे मुंबईला आली त्यांनी हिंदी चित्रपटाचे संगीत उभे केले. आपण गाणे ऐकतो तेव्हा गायिकेच्या सुराखालून, तिच्या शब्दांच्या मधल्या जागेतून, व्हायोलिनांची किंवा चेलोची एक वेगळीच ओळ चाललेली असते. तिला स्वतःचे म्हणणे असते. शंकर-जयकिशनांच्या गाण्यांत ती बहुतेक वेळा सेबास्टियन डिसोझा ह्यांनी लिहिलेली असे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ते 'साहाय्यक'. अँथनी गोन्सालविस (१९२७–२०१२) हे माजोर्ड्याहून आलेले, प्यारेलाल ह्यांचे व्हायोलिनचे गुरू. १९५८ साली त्यांनी रागसंगीत आणि पाश्चात्य वाद्यवृंद एकत्र आणणारी रचना करून, लता मंगेशकर आणि मन्ना डे ह्यांना घेऊन ती सादर केली. आज त्यांचे नाव घेताच लोकांना १९७७च्या चित्रपटातले अंड्यातून निघणाऱ्या अमिताभ बच्चनचे गाणे आठवते. ते गाणे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार होते, हे फार थोड्यांना. मराठीत चित्रपटगीतांवर जे रसाळ लेखन झाले आहे ते कवी, संगीतकार आणि गायक ह्या त्रयीपाशी थांबते. चौथा माणूस, ज्याने दुसरी ओळ लिहिली, आणि चाळीस माणसे, ज्यांनी ती वाजविली, ती आमच्या आस्वादात नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून सिंथेसायझरने त्यांची कामे घेतली. बहुस्वरतेवर आम्ही शोधनिबंध लिहू लागलो तो काळही साधारण हाच. एकीकडे शब्द आला, दुसरीकडे ती माणसे घरी बसली, आणि मध्ये एकच गल्ली होती.

कुणी म्हणेल, लेखकाला वा समीक्षकाला संगीत कळलेच पाहिजे का? नाही. टॉलस्टॉयच्या 'क्रॉइट्झर सोनाटा'चे (१८८९) वाचन करायला व्हायोलिन यावे लागत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना क्रॉइट्झर हे नाव त्या कथेमुळेच ठाऊक आहे, आणि मरोळच्या त्या मुलाला त्याच्या बेचाळीस अभ्यासांमुळे. दोघांनाही दुसऱ्याचा क्रॉइट्झर ठाऊक नाही, आणि दोघांचेही चालले आहे. पण जो उपमा वापरतो त्याच्यावर थोडी अधिक जबाबदारी येते. प्रूस्तने व्हँतॉय हा संगीतकार आणि त्याच्या रचना कल्पनेतून निर्माण केल्या. आम्ही त्या काल्पनिक संगीतावर एम. ए.च्या वर्गात तास घेतो. त्या प्रूस्तने १९१६ साली, युद्ध चालू असताना, पूले क्वार्टेटच्या चार वादकांना रात्री आपल्या घरी बोलाविले आणि सेझार फ्राँकचे क्वार्टेट वाजवून घेतले. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाजवायला सांगितले. ते क्वार्टेटही १८९० सालचे, फ्राँकच्या मृत्यूच्या काही महिने आधीचे, आणि आजही थोड्याच मैफलींत वाजते. आम्हाला चार वादक घरी बोलाविणे परवडणार नाही. बसच्या वाटेवर थांबणे परवडण्यासारखे आहे.

आम्ही नंतर दोनदा तिथे गेलो. दुसऱ्या वेळी एम. ए.च्या दोन विद्यार्थ्यांना बरोबर नेले. शिक्षकांनी मुलाला दुसऱ्या व्हायोलिनचा भाग एकट्याने वाजवायला सांगितला आणि विद्यार्थ्यांना विचारले, ''ह्याची चाल काय, सांगा बघू.'' त्यांना सांगता येईना. ती चाल वाटतच नव्हती, मध्येच तुटणारी, मध्येच नुसती थांबून राहणारी. मग त्यांनी पहिला भाग एकट्याने वाजविला. तो गोड होता, लगेच गुणगुणता येईल असा, आणि थोडा पोकळ. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून वाजविले. विद्यार्थिनीने विचारले, ''सर, आता मेन कुणाचा?'' शिक्षक हसले आणि मुलाकडे बोट दाखवून म्हणाले, ''त्याला विचार. त्याला वाटते त्याचाच.''

चर्चासत्रातील निबंधांचे पुस्तक निघणार आहे. मुद्रिते गेल्या आठवड्यात आली. आमच्या निबंधात तो शब्द चार ठिकाणी होता; तीन ठिकाणी तो कापला आणि तिथे 'अनेक पात्रांची' असे साधे लिहिले. चौथ्या ठिकाणी तो 'रणांगण'विषयी होता. तो तसाच ठेवला.